पत्ते आणि बंद पुडी

‘पत्ते’ हा शब्द कानीं पडतांच कित्येक पालकांच्या कपाळीं आठी उमटते. पत्ते म्हणजे जुगार, हा समज आपल्याकडे घरोघरीं रूढ आहे. परंतु ‘स्टार वॉर्स’ ह्या अमेरिकन चित्रपटमालिकेचे पत्ते पाहिले म्हणजे ह्या समजाचा पुन्हां विचार करावासा वाटतो.

ह्या मालिकेंतील पहिला चित्रपट १९७७ सालीं निघाला. त्याच वर्षीं टॉप्स नामक अमेरिकन कंपनीनें ६६ चित्रपत्त्यांचा पहिला संच काढिला. पडद्यावरून निघून गेलेला नायक हातांत धरावा, मित्रास दाखवावा, ही मुलांची ओढ निर्मळच होती. पण ते पत्ते च्युइंगगमसह बंद पुडींत मिळत. आंत काय आहे, हें उघडल्यावांचून कळत नसे. हवें तें चित्र न निघाल्यास पुन्हां पुडी, पुन्हां पैसे! अशा पुड्या आजही विकल्या जातात.

पुढें ह्याच चित्रपटांवर खेळावयाच्या पत्त्यांचे जोडही निघाले. त्यांत राजाराणीच्या जागीं कथेंतील पात्रें असतात, आणि बावन्न पानें एकदमच पदरीं पडतात. मग जुगाराचें बीज कोठें आहे? ज्यास आपण भितों त्या जोडांत, कीं ज्या पुडीस आपण निरुपद्रवी खाऊ समजतों तिच्यांत?

पालकांनीं मुलांची हौस मोडूं नये. तिला वळण लावावें. आणि विद्यार्थिमित्रहो, उणें असलेलें पान मित्राशीं अदलाबदल करून मिळवा. मात्र धाकट्याच्या अजाणतेपणाचा लाभ घेऊं नका. संच अपुरा राहिला तरी चालेल. सचोटी अपुरी राहूं नये.