राखणीची जबाबदारी कोणाची?

खरिपाच्या तोंडावर कर्जत व खालापूर तालुक्यांतील भात उत्पादक शेतकरी पीककर्ज, विमा अथवा अनुदानासाठी सोसायटीत किंवा सेवा केंद्रात जातो, तेव्हा आधारकार्ड, सातबारा व पासबुक यांच्या प्रती तेथे ठेवून येतो. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकाचीही त्यांत भर पडली आहे. ‘ओटीपी कोणास सांगू नका’ असा उपदेश आपण त्यास नित्य करतो. उपदेश योग्य आहे. परंतु तो अपुरा आहे, आणि संस्थांना जरा सोयीचाही आहे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी बँक. चोरांनी तिच्या एटीएम यंत्रणेत घातक संगणक-प्रणाली घुसवून एक बनावट दुवा उभा केला. पैशाची मागणी खात्याशी ताडून पाहिली जाण्यापूर्वीच हा दुवा तिला परस्पर मंजुरी देई. ११ ऑगस्ट २०१८ रोजी २८ देशांतून रकमा काढल्या गेल्या; १३ ऑगस्टला आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगला वळते झाले. एकूण चोरी ९४.४२ कोटींची. ठेवी सुरक्षित असल्याचे बँकेने जाहीर केले खरे. पण खातेदाराच्या ओटीपीची चोरांना गरजच पडली नाही, ही गोष्ट विसरता कामा नये. खातेदार कितीही सावध असता तरी काय करणार होता?

आपल्या भागात मुंबईच्या सान्निध्यामुळे जमिनीचे मोल चढले आहे. सातबारा व आधारची प्रत परक्या हाती पडणे येथे अधिकच घातक. म्हणून जी संस्था कागद मागते तिनेच तो राखावा. शेतकऱ्याच्या कागदांची छायाचित्रे कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलमध्ये राहू नयेत. एकच पासवर्ड चौघांनी वापरू नये. काम सरल्यावर प्रती नष्ट कराव्यात. कातकरी वा ठाकर बंधूंपुढे अंगठ्याचे यंत्र धरण्यापूर्वी अंगठा कशासाठी, हे त्यांस समजेल अशा बोलीत सांगावे. आमच्या कृषी खात्यासही हे सारे लागू आहे.

माहिती फुटलीच तर ती ज्याची आहे त्यास तत्काळ कळवावे. अब्रूच्या भयाने दडविल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार करून रक्कम थोपविण्याची वेळ निघून जाते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्येही असे कळविण्याचे बंधन घातलेले असून सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. सोसायट्यांनी मात्र तेवढे थांबण्याचे कारण नाही. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी अवश्य विचारावे, की आमचे कागद कोण पाहतो आणि ते कधी नष्ट होतात.