विश्लेषण : आकडे मान्य, तरी देहदंड कायम… प्राध्यापक बाल्डस यांच्या अभ्यासाचे अमेरिकेत काय झाले?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये एका न्यायाधीशांनी निकाल दिला, की एका कृष्णवर्णीय कैद्याच्या खटल्यात ज्युरी निवडताना आणि देहदंड ठोठावताना वंशभेद झाला होता. त्या राज्याच्या ‘वांशिक न्याय कायद्या’खाली हा निकाल आला. मुळात असा वेगळा कायदा करण्याची वेळ का आली? त्यासाठी चार दशके मागे जावे लागते.

बाल्डस कोण?

डेव्हिड बाल्डस १९६९ पासून आयोवा विद्यापीठात कायदा शिकवत. २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. वकील मंडळी सहसा आकडेमोडीपासून लांबच राहतात. बाल्डस यांनी मात्र संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज वुडवर्थ आणि विधि-प्राध्यापक चार्ल्स पुलास्की यांच्यासह जॉर्जिया राज्यातील १९७०च्या दशकातले दोन हजारांहून अधिक खून खटले तपासले. गुन्ह्याची क्रूरता, आरोपीची पार्श्वभूमी असे २३० घटक त्यांनी नोंदवले.

आकडे काय सांगत होते?

खून झालेली व्यक्ती श्वेतवर्णीय असेल तर ११ टक्के खटल्यांत देहदंड. कृष्णवर्णीय असेल तर १ टक्का. आरोपी कृष्णवर्णीय आणि बळी श्वेतवर्णीय असेल तर थेट २२ टक्के.

ते गुन्हेच अधिक क्रूर असतील, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून वंशाशी संबंध नसलेले ३९ घटक हिशेबात धरून पुन्हा गणित मांडले गेले. तरीही श्वेतवर्णीय बळीच्या खटल्यात देहदंडाचे ‘ऑड्स’ ४.३ पट निघाले. (ऑड्स म्हणजे संभाव्यता नव्हे, बातम्यांत ही गल्लत सर्रास होते. शंभरात १० जणांना शिक्षा होत असेल, तर ४.३ पट ऑड्समुळे त्या १० चे ४३ होत नाहीत, साधारण ३२ होतात. तफावत तरीही प्रचंडच.)

न्यायालय काय म्हणाले?

अटलांटात १९७८ मध्ये दुकानावरील दरोड्यात श्वेतवर्णीय पोलिसाचा खून झाला. त्यासाठी वॉरन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीयाला देहदंड झाला. त्याच्या वकिलांनी हा अभ्यास सर्वोच्च न्यायालयात नेला. २२ एप्रिल १९८७ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी तो हरला.

गंमत म्हणजे, अभ्यास ग्राह्य आहे असे न्यायालयाने गृहीतच धरले होते. पण न्या. लुईस पॉवेल यांच्या मते, मॅक्लेस्कीच्या खटल्यात कोणी हेतुपुरस्सर भेदभाव केला, हे त्यातून सिद्ध होत नव्हते. शिवाय हे मान्य केले तर इतर शिक्षांनाही आव्हाने मिळतील, ही धास्ती होती. ही तर जास्त न्याय होईल याची भीती, असे न्या. विल्यम ब्रेनन यांनी विरोधी निकालपत्रात सुनावले.

निवृत्तीनंतर पॉवेल यांनी आपल्या चरित्रकाराला सांगितले, की संधी मिळाली तर या खटल्यातले मत बदलेन. चरित्र १९९४ मध्ये आले. मॅक्लेस्कीला २५ सप्टेंबर १९९१ रोजीच विजेच्या खुर्चीत देहदंड देण्यात आला होता.

आता स्थिती काय?

असे आकडे कायदेमंडळापुढे मांडा, असे पॉवेल यांनीच लिहिले होते. केंटकीने १९९८ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनाने २००९ मध्ये कायदा केला. नॉर्थ कॅरोलिनाने २०१३ मध्ये तो रद्द केला, पण आधी दाखल झालेले अर्ज पुढे चालू राहिले. वरचा निकाल त्यातलाच. कॅलिफोर्नियाचा २०२० चा कायदा सर्वांत पुढचा आहे. तो देहदंडापुरता मर्यादित नाही आणि त्यात हेतू सिद्ध करण्याची गरज नाही.

फेडरल पातळीवर मात्र मॅक्लेस्की निकाल आजही लागू आहे. संसदेत त्यावर उतारा म्हणून आणलेली विधेयके कायद्यापर्यंत पोहोचली नाहीत.