तळाची जागा आराखड्यातच हवी

इंग्लंडमधल्या जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबांच्या कॅरॅव्हानसाठी तळ उभारणं 1968 च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांवर बंधनकारक होतं. 1994 मध्ये ते बंधनच उठवलं गेलं. स्वतः जमीन घ्या आणि परवानगी मागा, असं या कुटुंबांना सांगण्यात आलं.

एसेक्समधल्या डेल फार्मवर त्यांच्यापैकी काहींनी जमीन घेतली. तिथे पूर्वी भंगाराचं आवार होतं. पण ती जागा हरितपट्ट्यात असल्याने परवानगी मिळाली नाही. दीर्घ कोर्टबाजीनंतर ऑक्टोबर 2011 मध्ये सुमारे 80 कुटुंबांना पोलीस बंदोबस्तात हुसकावलं गेलं. त्यावर लाखो पौंड गेले. तेवढ्यात रीतसर तळ उभा राहिला असता! अनेकांनी आपल्या गाड्या जवळच्याच रस्त्याकडेला लावल्या.

2015 मध्ये तर आजारपणामुळे किंवा वयामुळे ज्यांची भटकंती कायमची थांबली, त्यांना नियोजन धोरणातल्या जिप्सी-ट्रॅव्हलरांच्या व्याख्येतूनच वगळण्यात आलं. म्हाताऱ्यांवरचा हा अन्याय अपील न्यायालयाने 2022 मध्ये भेदभाव ठरवला. पुढच्या वर्षी व्याख्या बदलली.

कौन्सिलांनी आपल्या आराखड्यात पाच वर्षांच्या गरजेपुरत्या जागा दाखवाव्यात, असं धोरण सांगतं. पण शेजाऱ्यांच्या हरकतींपुढे धोरण टिकत नाही. 1968 चं बंधन परत आणायला हवं, आणि जागा शाळा-दवाखान्याजवळच्या हव्यात.