पिंजऱ्यानें प्रश्न सुटतो काय ?

मराठीचे शिक्षक म्हणून आम्हांस शाळेंत अध्यापनाखेरीज आणखी एक काम आपोआप येऊन चिकटलें आहे. कोणासही कोठें अर्ज करावयाचा असला, म्हणजे त्याचा मसुदा आमच्याकडे येतो. नळास पाणी येत नाहीं, रस्त्यावर दिवे नाहींत, गाडी वेळेवर येत नाहीं, असे नाना प्रकारचे अर्ज आम्हीं आजवर लिहून दिले आहेत, व त्याचा आम्हांस थोडासा अभिमानही आहे. परंतु गेल्या हिवाळ्यांत लिहिलेल्या एका अर्जाविषयीं आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें कांहीं सांगावयाचें आहे. कारण तो अर्ज लिहिण्यांत आमची चूक झाली, असें आतां आमचें मत झालें आहे.

गोष्ट अशी झाली. बदलापुराबाहेर डोंगराच्या पायथ्याशीं ज्या नव्या वसाहती उठल्या आहेत, त्यांपैकीं एकींत आमचे कांहीं विद्यार्थी राहतात. तेथें एका पहाटे रखवालदारास बिबट्या दिसला. दुपारपर्यंत ती वार्ता प्रत्येक घरच्या भ्रमणध्वनीवर पोहोंचली, आणि संध्याकाळपर्यंत एका बिबट्याचे तीन झाले. दुसऱ्या दिवशीं वर्गांत सात जागा रिकाम्या होत्या. पालक आमच्याकडे आले. त्यांच्या चेहऱ्यांवरील भीति खोटी नव्हती. 'पिंजरा लावून जनावर पकडावें व दूर जंगलांत नेऊन सोडावें,' असा अर्ज आम्हीं तेथल्या तेथें लिहिला आणि त्याखालीं पहिली सही आम्हींच केली.

अर्जाची स्वच्छ प्रत करण्यास आम्हीं सातवींतील एका सुवाच्य अक्षराच्या मुलास बसविलें. लिहितां लिहितां तो थांबला व म्हणाला, "सर, दूर जंगलांत म्हणजे कोठें ?"

"असेल कोठें तरी, माळशेजकडे," आम्ही म्हणालों.

त्यानें क्षणभर विचार केला. "तेथेंही शाळा असेल ना, सर ?"

त्याचें आजोळ मुरबाडच्या पलीकडे आहे, हें आम्हांस मागाहून कळलें.

वनखात्याचे लोक आले. त्यांनीं पाऊलखुणा पाहिल्या, आणि ज्या जनावरानें कोणास इजा केली नाहीं त्यास नुसतें दिसलें म्हणून पकडतां येत नाहीं, असें समजावून सांगितलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत बिबट्याचें नांव असून, वरिष्ठांच्या लेखी परवानगीवांचून त्यास पिंजऱ्यांत घालणें हा गुन्हा होय. पालक निराश होऊन परतले. आमच्या मनांत मात्र त्या मुलाचा प्रश्न घर करून राहिला, आणि बिबट्यासंबंधीं झालेलें संशोधन आम्ही वाचूं लागलों. तें फार दूर देशीं नव्हे, तर आपल्याच महाराष्ट्रांत, आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत झालेलें आहे.

आमच्या अर्जांतला उपाय कोणीं करून पाहिला नव्हता, असें नाहीं. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर वनविभागांत उंसाच्या फडांत बिबटे राहूं लागले, तेव्हां २००१ पासून त्यांस पकडून सरासरी चाळीस किलोमीटर दूरच्या वनांत सोडण्याचा क्रम सुरू झाला. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं या प्रयोगाचा हिशेब मांडला आहे. तत्पूर्वीं, १९९३ पासून, त्या भागांत माणसांवर वर्षाकाठीं सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ ते २००३ या काळांत ते वर्षाकाठीं १७ झाले. त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचें प्रमाणही शेंकडा १८ वरून शेंकडा ३६ वर गेलें. म्हणजे ज्या औषधानें रोग बरा व्हावयाचा, त्यानेंच तो चौपट वाढविला !

याचें कारण विचार केला तर समजण्यासारखें आहे. बिबट्याचा एक ठराविक मुलूख असतो. कोणत्या वाटेनें माणसें जातात, कुत्रीं कोठें निजतात, दिवस उगवण्यापूर्वीं कोणत्या ओढ्यांत शिरावें, हें तो वर्षानुवर्षें शिकलेला असतो. त्यास उचलून अनोळखी ठिकाणीं टाकलें, कीं तो भांबावतो, भुकेला होतो आणि नको तेथें माणसासमोर येतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो, व तो बहुधा तरुण व अननुभवी असतो. सारांश, एकाऐवजीं दोन ठिकाणीं धोका उत्पन्न होतो.

याच संशोधनांतून 'आजोबा' नांवाच्या बिबट्याची हकीकत पुढें आली. २००९ च्या उन्हाळ्यांत आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील टाकळी ढोकेश्वर येथें तो विहिरींत पडला. वयानें मोठा व स्वभावानें शांत, म्हणून त्यास हें नांव मिळालें. आपला ठावठिकाणा कळविणारा पट्टा गळ्यांत बांधून त्यास माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. तेथून तो निघाला तो कसाऱ्याचा लोहमार्ग व मुंबई-आग्रा रस्ता ओलांडून, तानशाच्या रानांतून, सुमारें १२० किलोमीटर चालत तीन-चार आठवड्यांत थेट आपल्या उल्हास नदीच्या मुखाशीं, वसईच्या खाडीकांठच्या नागल्याच्या जंगलांत जाऊन पोहोंचला. वाटेंत त्यानें एकाही माणसास दुखविलें नाहीं. तो आपल्या मूळ घरीं परतत असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. २०११ च्या डिसेंबरांत मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर वाहनाखालीं सांपडून तो मेला, व अंगांतील खुणेच्या चिपेवरून त्याची ओळख पटली.

ही हकीकत आम्हीं वर्गांत सांगितली तेव्हां उल्हासनगरची मुलें विशेष लक्ष देऊन ऐकत होतीं. तें शहर १९४९ सालीं वसलें, तें सिंधमधून घरदार सोडून आलेल्या लोकांनीं. माणसाची आणि पशूची बरोबरी करण्याचा आमचा हेतु नाहीं; परंतु पणजोबांच्या तोंडून गेलेल्या गांवाचें नांव ज्या घरांत ऐकूं येत असे, त्या घरच्या मुलांस ही चाल समजावून सांगावी लागली नाहीं.

आतां कोणी विचारील, बिबट्या डोंगर सोडून आपल्या दारीं येतोच कां ? त्यासही आंकड्यांचें उत्तर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोलें खोऱ्यांत जंगल नाममात्र असून शेती व वस्ती दाट आहे. तरीही तेथें शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच मोठे बिबटे नांदत असल्याचें २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांची विष्ठा तपासून ते काय खातात हें पाहिलें. त्यांच्या आहारांत शेंकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्याचा ३९ ! शेळ्या कुत्र्यांहून सातपट अधिक असूनही त्यांचा भाग अवघा ११ होता. कारण शेळी रात्रीं गोठ्यांत बांधलेली असते, कुत्रें उकिरड्यावर मोकळें असतें. हें वाचून आम्ही त्या वसाहतीच्या मागें जाऊन आलों. तेथें भिंतीलगत कचऱ्याचा ढीग होता, आणि आम्हीं उभ्या उभ्या अकरा कुत्रीं मोजलीं. पिंजरा मागणाऱ्या आमच्या अर्जांत त्या ढिगाचा उल्लेख एका शब्दानेंही नव्हता.

दुसरी गोष्ट गर्दीची. २०१९ च्या जानेवारींत उल्हासनगरच्या वस्तींत बिबट्या शिरला, व वनखात्याच्या लोकांनीं त्यास गुंगीचें औषध देऊन नेलें. २०२२ च्या नोव्हेंबरांत कल्याण पूर्वेस एका इमारतींत असाच प्रकार होऊन कांहीं माणसें जखमी झालीं. अशा वेळीं काय होतें, तें आपण सर्व जाणतों. गच्च्यांवर माणसें, जिन्यांत माणसें. कोणी दगड मारतो, कोणी चित्रें घेतो. कोंडलेल्या जनावरास पळण्याची वाट उरत नाहीं, आणि तें समोर येईल त्याच्या अंगावर जातें. केंद्र सरकारनें २०११ सालीं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पहिला भर गर्दी आवरण्यावर आहे. पकडून दुसरीकडे सोडणें त्यांस मान्य नाहीं.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत पायवाटांवर दुहेरी कॅमेरे लावून बिबटे मोजतात. प्रत्येकाच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें निराळी असते, म्हणून एकच जनावर दोनदां मोजलें जात नाहीं. २०१५ सालीं तेथें ३५ बिबटे भरले, २०१८ सालीं ४७. त्यांच्या चोहों बाजूंस लक्षावधि लोक राहतात. आमच्या वसाहतींत मात्र एकाच्या दर्शनानें शाळा ओस पडली. ठाणें, पालघर व मुंबई उपनगर या जिल्ह्यांत वारली लोकांचीं वाघोबाचीं दीडशें ठाणीं संशोधकांनीं नोंदविलीं असून तें काम २०२१ सालीं प्रसिद्ध झालें आहे. आमची उपासना निराळी आहे. तथापि, हा शेजारी जाणार नाहीं, त्याच्याशीं जपून वागलें पाहिजे, हें ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या कळलें, त्यांस अडाणी म्हणण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाहीं.

एक माता आम्हांस म्हणाल्या, "सर, आंकडे ठीक आहेत, पण तुमचें स्वतःचें मूल त्या रस्त्यानें जात असतें तर?" हा प्रश्न योग्य आहे, आणि त्यास बगल देणें हें शिक्षकास शोभणार नाहीं. बिबट्या माणसाचा जीव घेऊं शकतो. लहान मूल त्यास अधिक सोपें. ज्या जनावरानें माणसांवर हल्ले करण्यास आरंभ केला असेल, त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे, व कायद्यांत तशी सोय आहे. पण जें जनावर निमूटपणें येऊन निमूटपणें जातें, त्यास हलविल्यानें त्या मातेचें मूल अधिक सुरक्षित होत नाहीं, हें जुन्नरनें दाखवून दिलें आहे. म्हणून आपल्या मुलासाठींच आम्ही पिंजरा मागणार नाहीं.

मग करावें काय ? विद्यार्थ्यांनो, अंधार पडल्यावर पायथ्याच्या रस्त्यानें एकट्यानें जाऊं नका. चौघे मिळून, मोठ्यानें बोलत जा. आडोशास शौचास बसूं नका. बिबट्या दिसला तर पळूं नका व त्याच्या मागें लागूं नका. त्याची वाट मोकळी ठेवा आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवा. पालकांनीं लहान मुलांस सांजवेळीं अंगणांत एकटें सोडूं नये, उरलेलें अन्न उघड्यावर टाकूं नये, आणि खातरजमा केल्याखेरीज कोणतीही वार्ता पुढें धाडूं नये.

आम्हीं स्वतः एक दुसरा अर्ज लिहिला आहे. वसाहतीमागील कचरा रोज उचलावा आणि पायथ्याच्या रस्त्यावर दिवे लावावे, एवढेंच त्यांत मागितलें आहे. स्वच्छ प्रत त्याच मुलानें केली. या खेपेस तो मध्यें थांबला नाहीं. पहिल्या अर्जावर एका संध्याकाळीं साठ सह्या झाल्या होत्या. या अर्जावर पंधरा दिवसांत एकोणीस झाल्या आहेत. ज्या पालकांची सही राहिली असेल, त्यांनीं मधल्या सुटींत शाळेंत यावें. अर्ज आमच्या मेजावरच आहे.