कांद्याची साक्ष कोण नोंदवणार?

‘सांडपाणी मानकांच्या मर्यादेत आहे’ हे वाक्य औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या कानांना आता सरावाचे झाले आहे. खाडीत मासे मरतात, पिके करपतात, तक्रार होते, नमुना नेला जातो आणि यथावकाश हे वाक्य हाती पडते. अहवाल खोटाच असतो असे नव्हे. पुष्कळदा तो खरा असतो, आणि खरी गोम तेथेच आहे. लोकांना ज्या प्रश्नाचे उत्तर हवे असते तो प्रश्न त्या तपासणीत विचारलेलाच नसतो.

नित्याच्या तपासणीत मोजतात ते काय? आम्लता, तरंगते घन पदार्थ, जैविक प्राणवायूची मागणी म्हणजे बीओडी आणि रासायनिक प्राणवायूची मागणी म्हणजे सीओडी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली अतिप्रदूषक अशा १७ वर्गांतील उद्योगांना जी स्वयंचलित यंत्रे बसवण्याचा आदेश दिला, त्यांचाही भर याच मापांवर आहे. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याचा सीओडी लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवा, असा नियम आहे. परंतु हा आकडा सांगतो तो इतकाच की, पाण्यातील द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणाला किती प्राणवायू लागेल. ते द्रव्य गूळ आहे की विष, हे तो सांगत नाही. रंग, औषधे व कीटकनाशके यांच्या कारखान्यांतून शेकडो प्रकारची रसायने एकमेकांत मिसळून बाहेर पडतात. नियमांच्या यादीत त्यांतील मोजकीच असतात. जे विष यादीत नाही, ते कायद्याच्या लेखी विषच नाही!

या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट विज्ञानाने केव्हाच दाखवलेली आहे. पाण्यात काय आहे असे न विचारता, ते पाणी सजीवाचे काय करते असे विचारावे. स्वीडनचे पेशीशास्त्रज्ञ अल्बर्ट लेव्हान यांनी १९३८ साली कोल्चिसिन या द्रव्याचा पेशीविभाजनावर होणारा परिणाम कांद्याच्या मुळांवर अभ्यासला. पुढे त्यांच्याच देशातील गेरिड फिस्केशो यांनी १९८५ साली याच कांद्याची चाचणी पर्यावरण-तपासणीची प्रमाण पद्धत म्हणून मांडली. पद्धत अगदी साधी आहे. सारख्या आकाराचे लहान कांदे घ्यावेत, बुडाची वाळलेली मुळे खरवडावीत, काही कांदे स्वच्छ पाण्यावर आणि काही सांडपाण्याच्या कमीअधिक तीव्रतेच्या मिश्रणांवर बूड टेकेल असे ठेवावेत. दोनतीन दिवसांत नवी मुळे फुटतात. त्यांची लांबी पट्टीने मोजावी. सूक्ष्मदर्शक असेल तर मुळाच्या टोकाच्या पेशींतील गुणसूत्रेही पाहता येतात. कांद्यात ती सोळाच, पण चांगली मोठी असतात. तुटलेली वा चिकटलेली गुणसूत्रे सरावलेल्या डोळ्याला ओळखू येतात. डबक्यावर तरंगणाऱ्या इवल्याशा लेम्ना वनस्पतीच्या वाढीवरील सात दिवसांच्या चाचणीला तर श्रीमंत राष्ट्रांच्या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००६ सालीच आपल्या चाचणी-मार्गदर्शिकांत स्थान दिले आहे.

आता आपला कायदा पाहा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या परिशिष्टात एक जैविक कसोटी आहे: सांडपाण्यात काहीही न मिसळता त्यात ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के मासे ९६ तासांनंतर जिवंत असले पाहिजेत. कसोटी चांगली आहे. परंतु नदीत सोडायच्या पाण्यासाठी जी, तीच सिंचनासाठी जमिनीवर सोडायच्या पाण्यासाठीही. म्हणजे जे पाणी उभ्या पिकाला द्यायचे त्याची पारख कोणी करायची, तर माशाने! वनस्पतीच्या प्रकाशसंश्लेषणावर घाला घालणारी तणनाशके अल्प मात्रेत माशाला चार दिवसांत मारीत नाहीत. पिकाला मात्र मारतात. शेतात सोडायच्या पाण्याला वनस्पतीचीच परीक्षा लावू नये, यामागे कोणते शास्त्र आहे?

शास्त्र नाही, अर्थकारण आहे. के. विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, उत्पादनाच्या खर्चाचा मोठा भाग उद्योजकाच्या हिशेबवहीत कधी येतच नाही. तो तिऱ्हाइतावर ढकलला जातो. करपलेले पीक हा कारखान्याचाच खर्च आहे, फक्त तो शेतकरी भरतो. ढकललेला खर्च मोजला गेला नाही तोवरच ढकलता येतो. जर्मनीने १९७६ साली सांडपाणी-शुल्काचा कायदा केला आणि १९८१ पासून शुल्क आकारताना सांडपाण्याची माशांवरील विषारी क्रिया हे एक परिमाण धरले. विषाला किंमत लावता येते, हे भांडवलशाही देशानेच सिद्ध केले. आपल्याकडे प्रवाह उलटा आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनासाठी असलेली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद काढून तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. हा विश्वास कोणत्या जनांवर, हे वेगळे सांगायला नको.

या चाचणीच्या मर्यादा झाकण्याचे कारण नाही. मूळ खुंटले यावरून विष कोणते ते कळत नाही. निव्वळ क्षारांनीही मुळे खुंटतात. प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर हल्ला करणारी कीटकनाशके वनस्पतीला फारशी न बाधताही घातक असू शकतात. म्हणून मासा काढून कांदा बसवा अशी मागणी नाही. माशाच्या जोडीला वनस्पती हवी आणि दोहोंच्या जोडीला रसायनशाळा हवी, अशी आहे.

दुसरी अडचण कायद्याची. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे कलम ४९ कोणाही नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात जाण्याचा हक्क देते. परंतु कलम २१ प्रमाणे विहित पद्धतीने अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचाच निष्कर्ष पुरावा ठरतो. फिर्याद लोकांची, पुरावा सरकारचा! गावकऱ्यांचा कांदा न्यायालयात उभा राहणार नाही हे खरे. पण अधिकृत नमुना केव्हा आणि कोठे घ्यावा, हे दाखवून देण्याचे सामर्थ्य त्याच्यात आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच साथींचा असतो: असली आंदोलने कारखाने बंद पाडतात आणि कामगार रस्त्यावर येतो. ही चिंता प्रामाणिक आहे, परंतु तिची मांडणी मालकाची आहे. नाल्यात उतरणारे विष आधी कामगाराच्या हातावरून आणि फुप्फुसांतून जाते, आणि त्याची वस्तीही त्याच नाल्याच्या काठी असते. शुद्धीकरणाचा खर्च नफ्यातून भागवायचा की कामगाराच्या रोजगारातून, हा झगडा मालकाशी आहे, शेतकऱ्याशी नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. सिंचनासाठी सोडायच्या सांडपाण्याला वनस्पतीची कसोटी नियमांनीच बंधनकारक करावी. जैविक चाचण्यांचे निष्कर्ष कारखान्याच्या नावानिशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. आणि या मागण्या मान्य होईपर्यंत औद्योगिक पट्ट्यातील प्रत्येक शाखेने तालुक्याच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे अध्यापक व विद्यार्थी यांना सोबत घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, दर महिन्याला, तारीखवार नोंदी ठेवाव्यात. ‘मर्यादेत आहे’ या वाक्याला घोषणांनी उत्तर देता येत नाही. वर्षभराच्या नोंदवहीने देता येते. ती वही लिहायला या पावसाळ्यानंतर सुरुवात झाली पाहिजे.