'पैसे परत मिळणार नाहीत' : कायदा की दंडेली?

"एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही." असंख्य व्यायामशाळांच्या पावत्यांवर तळाशी, भिंग घेतल्यावाचून वाचता येऊ नये अशा अक्षरांत हे वाक्य छापलेले असते. पैसे मोजल्याखेरीज पावती हाती पडत नाही आणि पावती हाती पडल्यावर ते वाक्य वाचून उपयोग नसतो. बदली झाली, गुडघा दुखावला, घरात आजारपण आले, पगार थांबला, कारण कोणतेही असो, काउंटरवरचा माणूस या वाक्यावर बोट ठेवतो. समोरचा सभासद, आपण सही केली आहे या अपराधी जाणिवेने, मुकाट्याने परत फिरतो. त्याच्या या मुकाट्याने परत फिरण्यावरच सारा व्यवहार उभा आहे.

हा प्रश्न सुखवस्तूंचा आहे, पक्षकार्याशी त्याचा काय संबंध, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. एखाद्या मध्यम वस्तीतील व्यायामशाळेच्या दारात तासभर उभे राहिले तर हा समज गळून पडेल. पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, रात्रपाळी संपवून येणारा सुरक्षारक्षक, डॉक्टरांनी वजन कमी करण्यास बजावलेली शिक्षिका, दिवसभर खुर्चीला खिळलेला कारकून, अशी माणसे तेथे दिसतील. धनिकांच्या गृहसंकुलात व्यायामाची सोय तळमजल्यावरच असते. ज्याला जवळपास मैदान नाही, घरात हातपाय पसरण्याइतकी जागा नाही, त्यालाच वर्षाचे पैसे आगाऊ मोजून ही जागा मिळवावी लागते. त्याचे दहा-बारा हजार रुपये बुडाले म्हणजे महिन्याच्या मिळकतीचा मोठा लचका तुटतो.

गिरणगावातील व्यायामशाळांत किंवा कोल्हापूरच्या तालमींत जाणाऱ्याला ही भीती नव्हती. तालमीला येणे थांबले तर वस्ताद रागावत. पण पुढच्या वर्षभराचे पैसे अडवून कोणी बसत नसे. त्या तालमींचे फाजील कौतुक करण्याचे कारण नाही. स्त्रियांना त्यांची दारे बहुधा बंदच होती. परंतु अमरावतीला १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थांनी शरीरशिक्षण हे समाजाचे काम मानले होते. ते काम समाजाने आणि शासनाने हातचे सोडले, मैदानांवर इमारती उभ्या राहू दिल्या, आणि रिकाम्या झालेल्या जागेत बाजार शिरला.

या बाजाराचे गणित नीट समजून घेतले पाहिजे. महिन्याचा दर मुद्दाम चढा ठेवून वर्षाचा दर स्वस्त भासवणे ही त्यातील पहिली पायरी. 'सवलत आज संध्याकाळी संपते' ही दुसरी. जागेत मावतील त्याहून कितीतरी अधिक सभासद करून घेणे ही तिसरी. सर्व सभासद एकाच संध्याकाळी आले तर उभे राहण्यासही जागा उरणार नाही; म्हणून पैसे सर्वांचे हवेत आणि माणसे थोडीच यायला हवीत. स्टेफानो डेलाविन्या व उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दरमहा ७० डॉलरहून अधिक भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच येत. म्हणजे प्रत्येक खेपेस त्यांना १७ डॉलरहून अधिक पडत. तेथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. माणूस आपल्या निश्चयाचा अंदाज नेहमीच वाढवून करतो. हा मनुष्यस्वभाव आहे, गुन्हा नव्हे. पण त्या निश्चयाचे पैसे आगाऊ घ्यायचे आणि तो मोडण्यावर नफा कमवायचा, याला सेवा म्हणता येत नाही.

आता 'परतावा नाही' या अटीचा हिशेब करू. समजा, महिन्याचा दर २,५०० रुपये व वर्षाचा १२,००० रुपये आहे. ठाण्यातील एका परिचारिकेने वर्षाचे पैसे भरले आणि तीन महिन्यांनी तिची बदली नाशिकला झाली. वर्षाच्या दराने पाहिले तर तिने ३,००० रुपयांची सेवा घेतली. ९,००० परत मिळाले पाहिजेत. मालक म्हणेल, सवलत वर्षभर राहण्यासाठी होती. ठीक आहे, तिची सवलत काढून घ्या, महिन्याच्या चढ्या दराने ७,५०० कापा. तरीही ४,५०० रुपये उरतातच. ९,००० की ४,५००, यावर वाद होऊ शकतो. परतावा शून्य, हे मात्र कोणत्याही अंकगणितात बसत नाही. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घेणे यास मराठीत जो शब्द आहे तो पावतीवर छापता येण्याजोगा नाही.

अलीकडे यात एक नवा सापळा जोडला गेला आहे. 'एकरकमी जमत नसेल तर बिनव्याजी हप्त्यांनी भरा' असे सांगून सभासदाकडून मोबाइलवर दोन-चार ठिकाणी संमती घेतली जाते. आपण व्यायामशाळेचे हप्ते फेडतो आहोत असे त्याला वाटते; प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचे कर्ज त्याच्या नावावर चढलेले असते. व्यायामशाळेला वर्षाची रक्कम पहिल्याच आठवड्यात मिळून जाते. पुढे सभासद गेला काय किंवा व्यायामशाळेलाच टाळे लागले काय, बँकेतून हप्ता कापला जातोच. थांबवला तर दंड, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा पत बिघडल्याची नोंद. रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जांसाठी २०२२ साली घातलेल्या नियमांनी सुरुवातीच्या थोड्या मुदतीत दंडाविना कर्जातून बाहेर पडण्याची मुभा दिली. पण ती मुद्दल फेडणाऱ्याला. येथे मुद्दल तर व्यायामशाळेच्या तिजोरीत जाऊन पडलेले असते!

या सर्वावर मालकवर्गाचे एकच उत्तर तयार असते: "सही तुम्ही राजीखुशीने केली." कराराच्या स्वातंत्र्याचा हा जयघोष नवा नाही. बारा तासांच्या पाळीवर राबणाऱ्या कामगारालाही एकेकाळी हेच ऐकवले जात होते. ज्या कागदातील एक शब्दही एका पक्षाला बदलता येत नाही, जो कागद एकाने छापायचा आणि दुसऱ्याने फक्त खाली नाव घालायचे, तेथे स्वातंत्र्य एकाचेच असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या नोकरांच्या खटल्यात हेच तत्त्व मान्य केले. पक्षांच्या सौद्याच्या बळात मोठी तफावत असेल आणि दुबळ्यापुढे सही करण्यावाचून मार्ग नसेल, तर अशा करारातील अन्याय्य अट न्यायालये अमलात आणणार नाहीत, असे त्या निकालाने सांगितले. कामगारासाठी मिळालेले हे तत्त्व २०१९ साली सदनिका खरेदी करणाऱ्यांच्याही कामी आले. बिल्डरने लादलेला एकतर्फी करार ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे न्यायालयाने ठरवले.

फार काय, इंग्रजांच्या अमदानीत झालेला १८७२ चा करार कायदाही मालकांच्या बाजूने उभा राहत नाही. करारभंगासाठी जबर रक्कम लिहून ठेवली असली, तरी कलम ७४ नुसार वाजवी भरपाईच मिळू शकते. नुकसान झालेच नसेल तर रक्कम जप्त करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली कैलाशनाथ खटल्यात स्पष्ट केले. परिचारिका नाशिकला गेल्याने व्यायामशाळेचे कोणते यंत्र मोडले? तिची जागा दुसऱ्याला विकण्याची मोकळीकच मिळाली. लंडनच्या उच्च न्यायालयाने तर २०११ साली अॅशबोर्न खटल्यात नेमका हाच धंदा तपासला. ही कंपनी व्यायामशाळांना छापील करारनामे पुरवून सभासदांकडून वसुली करीत असे. अननुभवी, बेताच्या ऐपतीच्या ग्राहकाचा भाबडेपणा हेरून हे दीर्घ मुदतीचे करार बेतलेले आहेत, हे न्यायालयाच्या नजरेस आले आणि वर्षाहून अधिक काळ जखडून ठेवणाऱ्या अटी त्याने अन्याय्य ठरवल्या.

मग भारतात अडते कोठे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अन्याय्य करार' ही संज्ञा प्रथमच ग्राहक कायद्यात आणली. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड, ग्राहकाला तोट्यात टाकणाऱ्या गैरवाजवी अटी, हे सारे त्या व्याख्येत बसते. परंतु अट अन्याय्य म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य व राष्ट्रीय आयोगांनाच दिला. जिल्हा आयोगाला दिला नाही. जिल्हा आयोग सेवेतील त्रुटी किंवा अनुचित व्यापारी प्रथा या आधारे पैसे परत देववू शकतो. पण त्या चार ओळी रद्द करून घ्यायच्या तर गडचिरोलीच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाने साडेचार हजार रुपयांसाठी राज्य आयोगाची पायरी चढली पाहिजे! हक्क दिला, पण तो ठेवलेली फळी उंच टांगली. जिल्हा आयोगांतही अध्यक्ष-सदस्यांच्या जागा इतक्या रिकाम्या राहिल्या की २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घेऊन सरकारांचे कान उपटावे लागले.

शासनाला हे जमत नाही असे नाही. मनात आणले तर जमते. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. विद्यार्थी मध्येच गेला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी, असे त्यांत म्हटले आहे. जे शिकवणी वर्गाला लागू करता येते ते व्यायामशाळेला का नाही? सप्टेंबर २०२५ मध्ये व्यायामशाळांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. त्या सवलतीसोबत परताव्याची एक अट घालणे सरकारला सुचले नाही.

मागण्या स्पष्ट आहेत. अन्याय्य अट रद्द करण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला मिळावा. राज्य शासनाने व्यायामशाळांसाठी आदर्श करारनामा ठरवून द्यावा. त्यात मध्येच बाहेर पडणाऱ्यास उरलेल्या महिन्यांचा परतावा व आजारपणात मुदत थांबवण्याचा हक्क असावा. सेवा थांबली की तिच्यासाठी काढलेल्या कर्जाचे हप्तेही थांबावेत आणि वित्तसंस्थेने आपली वसुली व्यायामशाळेकडून करावी.

यावर लहान व्यायामशाळांचे काय, असा आक्षेप येईल आणि तो धुडकावून लावण्यासारखा नाही. कर्ज काढून यंत्रे घेतलेला, जागेच्या भाड्याने पिचलेला मालकही आहे. मार्च २०२० ते ऑक्टोबर २०२० या काळात महाराष्ट्रातील व्यायामशाळा बंद राहिल्या, तेव्हा अनेकांचे कंबरडे मोडले. पण त्याचे भाडे जागामालकाशी भांडून कमी करायचे की परिचारिकेच्या साडेचार हजारांतून भरायचे? वर वापरलेल्या महिन्यांचे पैसे चढ्या दराने कापण्याची जी मुभा सांगितली, तीत त्याचे न्याय्य हित सांभाळले जाते. शिवाय येत्या वर्षाचे पैसे चालू महिन्यात खर्च करणारी व्यायामशाळा एके दिवशी रातोरात बंद होते, तेव्हा सभासदांच्या फीबरोबर तेथील प्रशिक्षकांचा पगारही बुडतो. हे प्रशिक्षक कोण? नवे सभासद आणण्याचे लक्ष्य डोक्यावर घेऊन कमिशनवर राबणारी तरुण पोरे. काउंटरवर पावतीवर बोट ठेवणारा पुष्कळदा तोच असतो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. तो या लढ्यात सोबत यायला हवा.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या स्त्रिया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. तेला-रॉकेलचा प्रश्न चुलीपुरता आहे, असे त्यांना कोणी सांगू शकले नाही. ग्राहक म्हणून होणारी लूट हीही लूटच आहे, हा धडा त्या आंदोलनाने दिला. तो गिरवण्याची संधी प्रत्येक शाखेपुढे आहे. वस्तीतील ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांची यादी करावी. प्रत्येकाने करार सोडत असल्याचे लेखी कळवून पोच घ्यावी. वित्तसंस्थेलाही लेखी कळवावे. दोन वर्षांची मुदत टळू देऊ नये. तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते, वकील लागत नाही, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मुख्य म्हणजे, एकाच व्यायामशाळेचे अनेक सभासद असतील तर आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार दाखल करता येते, ही तरतूद वापरावी.

एकटा सभासद काउंटरवरून मुकाट परत फिरतो. चाळीस जण एकत्र गेले की पावतीच्या तळाशी छापलेले ते वाक्य मालकालाच प्रथम वाचावे लागेल.