हशा कोणावर?

तमाशातील सोंगाड्या राजालाही दोन शब्द सुनावतो आणि राजाला ते निमूटपणे ऐकून घ्यावे लागतात. सोंगाड्याची ही मोकळीक आज दूरचित्रवाणीवरील विडंबनकारांकडे आली आहे. त्यांच्या हशाने प्रेक्षकांची राजकीय मते कितपत घडतात, या प्रश्नाचा विचार करताना जर्मनीतील एक प्रकरण बोधप्रद ठरते.

दिनांक ३१ मार्च २०१६ रोजी यान ब्योमरमान यांनी आपल्या कार्यक्रमात तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यावर एक शिवराळ कविता वाचली. परकीय राष्ट्रप्रमुखाचा अपमान हा जर्मन दंडसंहितेच्या १०३व्या कलमान्वये गुन्हा होता. तुर्की सरकारने मागणी केली आणि चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी कारवाईस अनुमती दिली. ऑक्टोबरमध्ये सरकारी वकिलांनी चौकशी थांबविली. हाम्बुर्गच्या न्यायालयाने मात्र कवितेतील बऱ्याच ओळींच्या पुनरुच्चारास मनाई केली. पुढे संसदेने ते कलमच रद्द केले व १ जानेवारी २०१८ पासून ते दंडसंहितेतून गेले.

येथे विडंबनकाराची शक्ती आणि मर्यादा दोन्ही दिसतात. धूळ खात पडलेला कायदा त्याने लोकांच्या नजरेस आणला. परंतु तो बदलला चर्चेने आणि मतदानाने, हशाने नव्हे.

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. कायद्यात काय बसत नाही याचे उदाहरण म्हणून ती कविता वाचण्यात आली होती, हे खरे. तरीही तिच्यातील काही शिव्या तुर्की माणसाला हिणविण्यासाठी पूर्वापार वापरल्या जाणाऱ्याच होत्या. १९६१च्या करारानंतर जर्मनीत कामाला आलेल्या तुर्की कुटुंबांच्या मुलानातवंडांना तो हशा कसा ऐकू आला असेल? परक्या देशात उच्चारांवरून व रंगावरून झालेली चेष्टा ज्यांनी सोसली आहे, त्या आपल्या घरांना हे समजावून सांगावयास नको.

जर्मनीने उपहासाची दोन्ही रूपे पाहिली आहेत. ‘डेर श्ट्युर्मर’ या साप्ताहिकाने व्यंगचित्रांतून यहुदी माणसाला वर्षानुवर्षे हास्यास्पद व घृणास्पद ठरविले. उलट नाझी सत्तेची टर उडविणारे यहुदी विनोदकार फ्रिट्झ ग्र्युनबाउम यांचा १९४१ साली डाखाउच्या छळछावणीत अंत झाला. पहिला हशा दुबळ्यांवर होता, दुसरा सत्तेवर.

आपल्या तालमूदमध्ये टवाळी निषिद्ध मानली आहे. अपवाद केवळ मूर्तिपूजेच्या टवाळीचा. जो सत्ताधीश स्वतःची पूजा करवून घेतो तोही एक मूर्तीच होय, असे मला वाटते. त्याच्यावर अवश्य हसावे.

मात्र हसलो म्हणजे नागरिकाचे कर्तव्य पार पडले, असे समजू नये. आपल्या विवाहांविषयी शंका घेण्यात आली तेव्हा बेने इस्राएल केवळ टीका करून स्वस्थ बसले नाहीत. १९६४ साली जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले, क्नेसेटमध्ये प्रश्न गाजला आणि धर्मपीठाला आपला आदेश बदलावा लागला.

म्हणून पालकांना विनंती आहे की, मुलांना असे कार्यक्रम पाहू द्यावेत, पण त्यानंतर दोन प्रश्न अवश्य विचारावेत. हा विनोद बलवानावर होता की दुबळ्यावर? आणि त्यात सांगितलेली गोष्ट खरी आहे काय, हे आपण दुसरीकडे पडताळून पाहिले काय? या सवयीची मुले मतदानास जातील तेव्हा त्यांचे मत त्यांचे स्वतःचे असेल.